प्रोसिडिंग आत लिहितात

आमच्या आण्णांच्या नावावर एका साखर कारखान्याचा एक शेअर होता. एकच. पण त्या एका शेअरचा त्यांना केवढा अभिमान! सप्टेंबरात वार्षिक सभेची नोटीस आणि अहवाल पोस्टानं घरी आला की पुढचे चार दिवस आमच्या सोप्यात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. आण्णा लाल पेन्सिल घेऊन ताळेबंद वाचत बसायचे. शिक्षण म्हणाल तर सातवी. पण तोडणी-वाहतुकीचा खर्च एवढा का वाढला, येणं बाकी तीन वर्षं तेवढीच का दिसते, यावर नेमकी खूण पडायची. मग एका चिठ्ठीवर तीन प्रश्न लिहून ती चिठ्ठी शर्टाच्या वरच्या खिशात.

कॉलेजात असताना मी एकदा त्यांच्याबरोबर सभेला गेलो. मांडव भरलेला. पुढच्या दहा-बारा रांगांत सकाळपासून बसलेली माणसं सभासद कमी आणि कारखान्याचे कामगार जास्त, हे आण्णांनीच कानात सांगितलं. चेअरमन बोलायला उठले. विषय क्रमांक एक वाचायला सुरुवात केली आणि वाक्य संपायच्या आत पुढून आरोळी उठली, 'मंजूऽऽर!' मागून विरोधी गटाची आरोळी, 'नामंजूऽऽर!' विषय दोन, तीन, चार... मंजूर, नामंजूर, मंजूर, नामंजूर. कुणाचा आवाज मोठा हे ठरवणार कोण, तर ज्यांच्या हातात माईक ते. पंधरा मिनिटांत राष्ट्रगीत. आण्णा हात वर करून उभे होते ते तसेच सावधान झाले. चिठ्ठी खिशातच राहिली.

विरोधी गट घोषणा देत गेटबाहेर गेला आणि तिथं त्यांनी 'समांतर सभा' घेतली. (कोल्हापूरच्या वाचकांना हे सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगतो, की आमच्याकडं आतली सभा उरकली की बाहेर दुसरी सभा भरते, तीत भाषणं जास्त चांगली होतात आणि टाळ्याही जास्त पडतात.) मला ते सगळं फार आवडलं. रक्त तापलं. मी आण्णांना म्हटलं, "चला की तिकडं, खरी सभा ती हाय." आण्णा चपला शोधत होते. म्हणाले, "तिथं जाऊन काय करू? प्रोसिडिंग आत लिवत्यात."

दुसऱ्या वर्षीच्या अहवालात मागच्या सभेचा वृत्तान्त छापून आला. सर्व विषय सर्वानुमते मंजूर. सर्वानुमते!

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे १२ नोव्हेंबर २०१४. त्या दिवशी मी टीव्हीसमोर बसलो होतो. विधानसभा चालू होती आणि मला सारखा तो मांडव दिसत होता.

आकडे एकदा मांडून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर उभं आहे. ऑक्टोबर २०१४ च्या निकालात २८८ पैकी भाजप १२२, शिवसेना ६३, काँग्रेस ४२, राष्ट्रवादी ४१. बाकीचे २०, त्यात अपक्ष आणि छोटे पक्ष. बहुमताला १४५ हवेत. निकालाच्या दिवशीच, १९ ऑक्टोबरला, प्रफुल्ल पटेलांनी न मागता बाहेरून पाठिंबा जाहीर करून टाकला. ३१ ऑक्टोबरला वानखेडेवर शपथविधी झाला. सरकार अल्पमतातलं. शिवसेना विरोधी बाकावर, विरोधी पक्षनेते एकनाथ शिंदे. (हो, तेच. आपल्या राजकारणात दहा वर्षं म्हणजे पुनर्जन्मच.)

१२ तारखेला सकाळी आधी अध्यक्षांची निवड होती. शिवसेनेनं विजय औटींचा अर्ज भरला होता, काँग्रेसनं वर्षा गायकवाडांचा. दोघांनीही माघार घेतली आणि हरिभाऊ बागडे बिनविरोध निवडून आले. परंपरा म्हणे. मग आशिष शेलारांनी विश्वासदर्शक ठराव मांडला. आवाजी मतदान. होय, नाही, आणि ठराव मंजूर! सेना-काँग्रेसचे आमदार 'पोल, पोल' करत वेलमध्ये धावले. ठराव झालेला आहे, मागणीला उशीर झाला, असं उत्तर मिळालं. नंतर राज्यपाल विद्यासागर राव अभिभाषणाला आले तेव्हा त्यांची वाट अडवली गेली, धक्काबुक्की झाली, आणि काँग्रेसचे पाच आमदार दोन वर्षांसाठी निलंबित झाले.

म्हणजे त्या दिवसाचा हिशेब काय झाला? सरकारला किती मतं पडली, याची नोंद नाही. विरोधात किती, याची नोंद नाही. निलंबित पाच, याची मात्र नोंद आहे.

आमच्या जिल्ह्यात विधानसभेच्या १० जागा. त्या निवडणुकीत शिवसेनेला ६, भाजपला २, राष्ट्रवादीला २. काँग्रेसला भोपळा. मी मतदार म्हणून एक साधा प्रश्न विचारतो. या दहांपैकी कोण त्या दिवशी सरकारच्या बाजूनं होता आणि कोण विरोधात? भाजपचे दोन सोडून द्या. बाकी आठांचं काय? बाहेरून पाठिंबा म्हणणाऱ्या राष्ट्रवादीच्या दोघांनी 'होय' म्हटलं की गप्प बसले? शिवसेनेच्या सहाही जणांनी 'नाही' म्हटलं का? तुम्ही विधानमंडळाच्या ग्रंथालयात आठवडाभर बसलात तरी हे तुम्हाला सापडणार नाही. ते कुठंच लिहिलेलं नाही.

आवाजी मतदानाबद्दल तेव्हा सरकारवर भरपूर टीका झाली. व्हायलाच हवी होती. ज्या सरकारचं बहुमत हाच प्रश्न आहे त्यानं बहुमताचा ठराव न मोजता मंजूर करून घ्यावा, हा निर्लज्जपणाच. पण माझा आजचा राग सरकारवर नाही. सत्तेतला माणूस सत्ता टिकवणार. चेअरमन माईक धरून ठेवणारच. माझा राग गेटबाहेर जाणाऱ्यांवर आहे.

साधी गोष्ट बघा. अध्यक्षपदाची निवडणूक लढवली असती तर? सेना आणि काँग्रेस मिळून एक उमेदवार दिला असता, मतदान मागितलं असतं, तर राष्ट्रवादी कुणाबरोबर आहे याचा अंदाज सकाळीच आला असता. ठरावापर्यंत जायचीही गरज नव्हती. पण तिथं दोघांनीही माघार घेतली, माईक दुसऱ्याच्या हातात दिला, आणि दुपारी माईक त्यांच्या हातात का म्हणून छाती बडवली. मला तर वाटतं (हे माझं मत, पुरावा मागू नका) की न मोजलेलं मत त्या दिवशी सभागृहातल्या बहुतेकांना सोयीचं होतं. राष्ट्रवादीला भाजपच्या बाजूनं मोजलं जायचं नव्हतं. सेनेची बोलणी चालूच होती, तिला दरवाजा कायमचा बंद करायचा नव्हता. भाजपला राष्ट्रवादीच्या मतांवर उभं असल्याचा फोटो नको होता. गैरसोय झाली ती फक्त घरी टीव्ही बघणाऱ्याची.

त्या सरकारात सहकार खातं आमच्या कोल्हापूरच्या चंद्रकांतदादांकडं होतं. ते विधान परिषदेचे, त्यामुळं विधानसभेत त्यांना मत नव्हतं. पण सहकाराची रीत मात्र त्यांच्याआधीच विधानसभेत पोचली होती!

असो. नागपूरचं हिवाळी अधिवेशन तोंडावर आलं, ५ डिसेंबरला शिवसेना सरकारात गेली आणि अल्पमताचा विषय कागदावर संपला. कागदावर म्हणतो, कारण २०१७ च्या मार्चमध्ये तो परत उठून बसला. आणि या वेळी विषय एका ठरावाचा नव्हता, अर्थसंकल्पाचा होता.

इथं जरा थांबून अर्थसंकल्प मंजूर होतो म्हणजे काय होतं ते सांगतो. अर्थमंत्री भाषण करतात, शेरोशायरी करतात, ते आपण बघतो. पण ते भाषण म्हणजे मंजुरी नाही. त्यानंतर प्रत्येक खात्याची अनुदानाची मागणी वेगवेगळी सभागृहापुढं येते. शेतीची वेगळी, सहकाराची वेगळी, पाटबंधाऱ्याची वेगळी. प्रत्येक मागणीवर विरोधकांना कपात सूचना देता येते. रक्कम नाममात्र असते, मुद्दा धोरणाचा असतो. शेवटी विनियोजन विधेयक, आणि तेही मताला. ते झाल्याशिवाय राज्याच्या तिजोरीतून एक रुपया काढता येत नाही, असं घटनेचं २०४ वं कलम सांगतं. सरकारचा पैशाचा प्रस्ताव सभागृहात पडला तर सरकारनं जायचं, हा संसदीय पद्धतीचा जुना रिवाज.

आता यातली गंमत बघा. विश्वासदर्शक ठराव एकदाच येतो. तो अध्यक्षांनी आवाजात गिळला की संपलं. अर्थसंकल्पात मात्र मताचे प्रसंग एकामागून एक येतात. एक मागणी गिळता येईल, दोन येतील, पण प्रत्येक मागणीला विरोधक जागेवर बसून, शांतपणे, वेळेवर पोल मागत राहिले तर कितीदा 'उशीर झाला' म्हणणार? अल्पमतातल्या सरकारला यापेक्षा अवघड जागा दुसरी नाही.

२०१७ ला काय परिस्थिती होती? फेब्रुवारीत मुंबई महापालिका भाजप आणि सेना एकमेकांविरुद्ध लढले. सेना ८४, भाजप ८२. सेनेचे मंत्री सांगत होते, आमचे राजीनामे खिशात आहेत. (आण्णांच्या खिशातल्या चिठ्ठीसारखे. तेही तिथंच राहिले.) अधिवेशन सुरू झालं आणि कर्जमाफीसाठी काँग्रेस, राष्ट्रवादी आणि चक्क सत्तेतली शिवसेना, तिघेही सभागृह बंद पाडायला लागले. ४२ अधिक ४१ अधिक ६३ म्हणजे १४६. करा की हिशेब! कर्जमाफी हवी म्हणणाऱ्यांचं विधानसभेत बहुमत होतं. तोंडी बहुमत.

१८ मार्चला सुधीर मुनगंटीवारांनी अर्थसंकल्प मांडला. विरोधकांनी टाळ वाजवले, फलक फडकवले, अर्थसंकल्पाच्या प्रती जाळल्या. २२ मार्चला विरोधी पक्षांच्या १९ आमदारांना ३१ डिसेंबरपर्यंत निलंबित करण्यात आलं. अर्थसंकल्पावर मतदान झालं तर पडू, या भीतीनं हे केलं, असा आरोप विरोधकांनी लगेच केला. आरोपात तथ्य असेलही. १४६ मधून १९ गेले की १२७ उरतात.

पण आता ते १२७ बघा. समोर भाजपचे १२२, त्यातले एक खुद्द अध्यक्ष, म्हणजे मताला १२१. म्हणजे १९ जण बाहेर घालवूनसुद्धा, सेना जर खरंच कर्जमाफीच्या बाजूनं उभी राहिली असती तर सरकारचा जीव त्या वीस अपक्ष-छोट्या पक्षांच्या हातात होता. आता तुम्ही म्हणाल, सेना उभी राहिलीच नसती. बरोबर! मला पण तेच वाटतं. मग ते दिसू द्यायचं होतं की! सहकार खात्याच्या मागणीवर कर्जमाफीची एक कपात सूचना, एक पोल, आणि आमच्या जिल्ह्यातले सहा आमदार कुठल्या बाजूला उभे राहतात ते नावानिशी छापून आलं असतं. शिरोळच्या, करवीरच्या, राधानगरीच्या शेतकऱ्याला दुसऱ्या दिवशी पेपरात वाचता आलं असतं.

त्याऐवजी विरोधकांनी काय केलं? कामकाजावर बहिष्कार. आणि २९ मार्चला, अधिवेशन चालू असताना, चंद्रपूर जिल्ह्यातून संघर्ष यात्रा! समांतर सभाच ती, फक्त गेट जरा लांब. ज्या दिवसांत राज्याचा पैसा मंजूर होत होता, त्या दिवसांत विरोधी पक्षाचे मोठे नेते वातानुकूलित बसमध्ये होते. (बसवरून टिंगल झाली ती उगीच. उन्हाळ्यात विदर्भात मीही एसी मागितला असता. माझा आक्षेप बस कुठं चालली होती याला आहे.) नंतर निलंबन टप्प्याटप्प्यानं मागं घेतलं गेलं. सरकारचं काम झालेलंच होतं. आणि शिवसेना? तिला तर विरोधकांनी पालखीत बसवून संकटातून बाहेर काढलं. ना सरकार पाडावं लागलं, ना सरकार वाचवल्याची नोंद झाली.

एप्रिलमध्ये ती यात्रा कोल्हापुरातही आली. भाषणं चांगली झाली. आण्णा असते तर काय म्हणाले असते हे मला माहीत होतं, म्हणून मी गेलो नाही.

यावर माझ्या एका मित्राचा आक्षेप असा, की अरे पण शेवटी कर्जमाफी मिळालीच ना? जूनमध्ये, रस्त्यावरच्या लढ्यानं. आत बसून काय मिळालं असतं? आक्षेप महत्त्वाचा आहे. रस्त्यावरचं आंदोलन मला कमी लेखायचं नाही. कोल्हापूरचा माणूस ते कमी लेखूच शकत नाही. एन. डी. सरांच्या मागं अख्खं शहर रस्त्यावर उतरलं आणि टोल गेला, हे आम्ही डोळ्यानं पाहिलंय. पण दोन गोष्टी. जून २०१७ चा संप पुणतांब्याच्या शेतकऱ्यांनी सुरू केला, संघर्ष यात्रेनं नाही. आणि दुसरं, रस्त्यावर जिंकलेल्या गोष्टीची किंमत शेवटी आतच ठरते. ३४ हजार कोटींची कर्जमाफी जाहीर झाली. दीड लाखाची मर्यादा आली. नियमित कर्ज फेडणाऱ्याला २५ टक्के किंवा २५ हजार, जे कमी असेल ते. आमच्या जिल्ह्यात सोसायटीचं कर्ज जूनच्या आत भरायची रीत आहे, घरातलं सोनं ठेवून भरतात. त्यांच्या वाट्याला हे 'जे कमी असेल ते' आलं. ही कलमं कुणी ठरवली, कुठं ठरवली? त्यावर मार्चमध्ये सभागृहात तासन्‌तास उलटतपासणी झाली असती तर ती बदललीच असती असं मी म्हणत नाही. पण विचारणारा तरी कुणी असता.

एन. डी. सरांचं नाव निघालं म्हणून सांगतो. तो माणूस आयुष्यभर रस्त्यावर होता आणि विधिमंडळातही होता. शेकापसारख्या छोट्या पक्षाचा, बाकावर संख्या कधी पुरेशी नाही. १९७८ ला अधिवेशन चालू असताना वसंतदादांचं सरकार गेलं आणि पुलोद आलं तेव्हा ते सहकारमंत्री झाले, तो काळ सोडला तर सभागृहात कायम विरोधात. पण त्यांना कधी रस्ता आणि सभागृह यांतलं एक निवडावं लागलं नाही. आंदोलन बाहेर करायचं, आकडे आत मांडायचे. आताच्या मंडळींना बाहेर जायला एवढी घाई का असते हे मला समजत नाही. का समजतं? आत बसायचं तर अर्थसंकल्पाची ती जाडजूड पुस्तकं वाचावी लागतात. लाल पेन्सिल घेऊन.

दुसरा आक्षेप जरा वजनदार. सरकार पडलं तर पुढं काय? पगार थांबतील, निवडणुका लागतील, लोक विरोधकांनाच दोष देतील. यालाही आपल्याच देशात उत्तर आहे. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयींचं सरकार एका मतानं पडलं. २६९ विरुद्ध २७०. अर्थसंकल्प अर्धवट होता. मग काय देश बंद पडला? सगळ्या पक्षांनी मिळून लोकसभेत तो अर्थसंकल्प चर्चेविना मंजूर केला आणि मग सभागृह विसर्जित झालं. एका मताचा तो प्रसंग आजही लोक सांगतात, कोण कुठून आला, कुणी कुणाला दगा दिला. सांगता येतं, कारण मतं मोजली होती.

बाहेरचंही एक उदाहरण देतो. कॅनडात २००५ च्या मे महिन्यात पॉल मार्टिन यांचं अल्पमतातलं सरकार अर्थसंकल्पाच्या मतदानाला सामोरं गेलं. १५२ विरुद्ध १५२! अध्यक्षांनी आपलं निर्णायक मत दिलं आणि सरकार वाचलं. त्यात चक कॅडमन नावाचा एक अपक्ष खासदार होता, कॅन्सरवर उपचार चालू होते, तरी तो देशाच्या दुसऱ्या टोकाहून मतदानाला आला. दोन महिन्यांनी गेला. त्याचं मत बरोबर की चूक यावर तिथं वाद झाले असतील, पण ते मत काय होतं यावर वाद नाही. आणि आता नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथंच मार्क कार्नी यांचा अर्थसंकल्प १७० विरुद्ध १६८ असा निसटला. विरोधी बाकांवरचे काही जण तटस्थ राहिले म्हणून निसटला. हीसुद्धा सरकार वाचवण्याची एक चलाखीच, आपल्याकडच्या बाहेरून पाठिंब्यासारखी. फरक एवढाच की तटस्थ कोण राहिलं ते तिथल्या मतदाराला त्याच रात्री कळलं.

तिसरा आक्षेप पक्षादेशाचा. १९८५ पासून पक्षांतरबंदी आहे, आमदार पक्ष सांगेल तसंच मत देणार, मग नावं मोजून काय साधणार? अहो, मग पक्षाचं तरी मोजा! २०१७ ला प्रश्न शिवसेनेच्या एकेका आमदाराचा नव्हताच, शिवसेनेचा होता. आणि २०१४ ला राष्ट्रवादीचा.

हे वाचून कुणाला वाटेल की मी भाजपच्या विरोधात लिहितोय, तर पुढचं ऐका. ३० नोव्हेंबर २०१९. त्याआधी चार दिवस सर्वोच्च न्यायालयानं, विश्वासमत गुप्त नको, उघड घ्या, थेट प्रक्षेपण करा, असा आदेश फडणवीस-अजितदादा सरकारच्या वेळी दिला होता. ते सरकार त्याच दिवशी गेलं. मग उद्धव ठाकरेंच्या सरकारचा ठराव आला. या वेळी मोजणी झाली, उत्तम झालं. आकडा काय? बाजूनं १६९, तटस्थ ४, विरोधात शून्य. शून्य! १०५ आमदारांचा पक्ष सभागृहात होता आणि त्यानं सभात्याग केला. आमचे चंद्रकांतदादा तेव्हा त्या पक्षाचे प्रदेशाध्यक्ष. कारणं सांगितली गेली, अधिवेशन नियमबाह्य आहे वगैरे. पण पन्नास वर्षांनी कुणी पोरगं महाराष्ट्राचा इतिहास वाचेल तेव्हा त्याला दिसेल की तीन पक्षांच्या त्या सरकारला विरोध करणारा एकही आमदार महाराष्ट्रात नव्हता. सर्वानुमते मंजूर!

४ जुलै २०२२ ला मात्र विरोधी पक्ष बसून राहिले, शिरगणती झाली, १६४ विरुद्ध ९९. हरणाऱ्यांना आपण हरणार हे माहीत होतं. तरी ते ९९ कोण ते आज सांगता येतं. त्यांतले काही नंतर कुठं गेले तेही सांगता येतं, आणि ते दोन्ही एकमेकांशेजारी ठेवून बघता येतं. मला एवढंच हवंय.

२०२४ च्या निकालानंतर तर प्रश्नच मिटला असं म्हणणारे आहेत. महायुतीच्या तीन मोठ्या पक्षांनी मिळून २८८ पैकी २३० जागा घेतल्या, आता कसला पोल आणि कसली कपात सूचना? हरण्यासाठी पोल मागायचा का? हो, हरण्यासाठीच मागायचा. आण्णा दरवर्षी हरण्यासाठीच हात वर करायचे. पुढं एका वर्षी (तोपर्यंत चेअरमन बदलले होते, मांडव तोच) त्यांना कुणीतरी वैतागून माईक दिला. तीन प्रश्नांपैकी एकच विचारता आला. उत्तर मिळालं नाही. पण पुढच्या अहवालातल्या वृत्तान्तात एक ओळ आली, की अमुक सभासदांनी तोडणी-वाहतूक खर्चाबाबत विचारणा केली. आण्णांनी त्या ओळीखाली लाल रेघ मारून तो अहवाल ट्रंकेत ठेवला. अजून आहे.

परवा एका लग्नात जिल्ह्यातल्या एका माजी आमदारांची गाठ पडली. पक्ष सांगत नाही, आणि तशीही त्यांची पक्षाची यादी मोठी आहे. माणूस मोकळा. जेवायला शेजारी बसले तेव्हा मी म्हटलं, "साहेब, एक विचारू? बारा नोव्हेंबर चौदाला, त्या आवाजी मतदानात, तुम्ही काय म्हणालात हो? होय का नाही?"

त्यांनी जरा आठवून बघितलं. मग हसले.

"काय ओरडलो देवाला ठावं. पण दोन दिवस घसा बसला होता बघा."